छतरीच्या सावलीतला राजीनामा

जयपुरात मला ‘सोलरवाली मॅडम’ म्हणतात, आणि ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला: लाइटबिल किती कमी होईल? मग सांगावं लागतं की माझ्या सोलरमधून वीज निघत नाही, पाणी निघतं. गरम. यावर समोरच्याचा चेहरा पडतो. वीज कुणाला दिसत नाही तरी तिला मान आहे. आंघोळीचं पाणी रोज डोक्यावर ओतून घेतात आणि त्याला कुणी विचारत नाही. मी आता ते मनाला लावून घेत नाही.

तर आधी यंत्र समजून घ्या, म्हणजे पुढची भांडणं कळतील. गच्चीवर तिरक्या लावलेल्या काळ्या काचेच्या नळ्या आणि त्यांच्या डोक्यावर आडवी टाकी, एवढंच ते. प्रत्येक नळी दुहेरी काचेची, मधली हवा काढून टाकलेली, थर्मासच्या बाटलीसारखी. ऊन आत जातं, ऊब बाहेर येत नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर टाकीत चढतं, गार पाणी जड म्हणून खाली नळीत उतरतं. दिवसभर हेच चालतं. पंप नाही, मोटर नाही, बटण नाही.

बटण नाही, हीच खरी अडचण. माणसाला बटण लागतं. जगतपुऱ्यात एका इंजिनीअरिंग कॉलेजातल्या प्राध्यापकांकडे आम्ही हीटर बसवला. त्यांनी विचारलं, चालू कसा करायचा? म्हटलं, सकाळ झाली की होतो. बंद? संध्याकाळी होतो. त्यांना ते पटेना. फोनवर फोन. शेवटी आमचा फिटर रामचरण वैतागला आणि त्याने बाथरूमच्या बाहेर एक बटण भिंतीला ठोकून दिलं. त्याला वायर नाही, काही नाही. नुसतं बटण. तेव्हापासून प्राध्यापकसाहेब खूष. मध्ये एकदा त्यांची तक्रार आली की बटण बिघडलंय, पाणी कोमट येतंय. आम्ही जाऊन नळ्यांवरची धूळ पुसली आणि बटणही बदललं. बटण बदललं नसतं तर त्यांनी पाणी गरम मानलं नसतं.

आमेरच्या एका गेस्टहाउसमध्ये माकडं थंडीत नळ्यांच्या चौकटीवर ओळीनं बसून ऊन खायची. पाणी तापेना. मालकाला म्हटलं, जाळी लावू. तो म्हणाला, नको, पाव्हणे गार पाण्याची तक्रार करतात पण माकडांचे फोटो काढतात, आणि फोटोंमुळे नवे पाव्हणे येतात. आणि मुरलीपुऱ्यातल्या एका आजींनी ऐन पौषात नळ्यांवर रजई पांघरलेली मला दिसली. चांगली जयपुरी, हलकी, सांगानेरी छापाची. मी विचारलं तर म्हणाल्या, रात्री बिचाऱ्याला गारठा लागतो. मी म्हटलं, मग दिवसा तरी काढा. म्हणाल्या, दिवसा झोपतो ना तो, रात्री पाणी धरून जागा असतो.

यांना मी हसते, पण रागावत नाही. यंत्राचा स्वभाव ज्याला कळत नाही तो त्याला माणसाचा स्वभाव देतो. मला कळतो, कारण मी ते शिकले आहे. बी.एस्सी., फिजिक्स. हे मी मुद्दाम सांगते आणि लाजत नाही. पाचोऱ्याला माझे वडील ट्रकांची पंक्चरं काढायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. लग्नानंतर ह्यांची विमा कंपनीतून जयपूरला बदली झाली आणि मी सीकर रोडवर घनश्यामजींच्या सोलर हीटरच्या दुकानात नोकरी धरली. वडिलांनी पंक्चर काढायला येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगितलं की पोरगी राजस्थानात कंपनीत आहे, सूर्याचं काम बघते.

मी सूर्याचं नाही, फोनचं काम बघत होते. घनश्यामजी माणूस भला, पण त्यांचं एक ठाम मत होतं: बायका छतावर जात नाहीत. (मराठीत छत घराच्या आत असतं, हिंदीत घराच्या वर. हे कळायलाही मला आठवडा लागला होता.) मी फोनवर गिऱ्हाइकांना नळीचा कोन सांगायची, क्षार कसा साठतो ते सांगायची, रामचरणला नकाशा काढून द्यायची. पण वर जायचा तो रामचरण. मी विचारलं की घनश्यामजी म्हणायचे, “अगले सीजन में देखेंगे, मैडम.” आमचा सीझन म्हणजे थंडी. ती दाराशी आली तरी उत्तर तेच. मला वर जायचं होतं. फिजिक्स शिकून फोन उचलायचा म्हणजे पोहायला शिकून विहिरीच्या काठावर कपडे सांभाळत बसायचं.

त्या पहिल्याच थंडीत मास्टरजींचा फोन आला. मास्टरजी म्हणजे मुरलीपुऱ्यातले एक निवृत्त हेडमास्तर, आमचं उन्हाळ्यातलं गिऱ्हाईक. यापुढचं बोलणं सगळं हिंदीत झालं. काही मी मराठीत करून देते, काही तसंच ठेवते, कारण घोळ शब्दांचाच होता.

“पानी ठंडा आ रहा है,” मास्टरजी म्हणाले.

“कधीपासून?”

“जब से पड़ोसी ने छतरी लगाई है. सारी धूप रोक रखी है.”

मी म्हटलं, “मग त्यांना सांगा ना, दुपारी छत्री मिटून ठेवा म्हणून.”



“मिटणार कशी?”

“जशी सगळे मिटतात तशी. दांड्यावर खटका असतो.”

“मैडम, आठ खंभे हैं.”

आठ खांबांची छत्री माझ्या डोळ्यांपुढे येईना. मी काळजीनं विचारलं, “वाऱ्यानं उडणार नाही का?”

“उड़ती तो आपको फोन क्यों करते?” मास्टरजी म्हणाले.

रामचरण गावी लग्नाला गेलेला. घनश्यामजी सासुरवाडीला. दुकानात मी, फोन आणि पान्यांची पेटी. मी पेटी उचलली, शटर ओढलं आणि रिक्षा करून मुरलीपुऱ्याला गेले.

वर गेल्यावर छत्री पाहिली. राजस्थानात छतरी म्हणजे खांबांवर उभा केलेला घुमट. राजेरजवाड्यांची, मोठ्या माणसांची आठवण म्हणून दहनाच्या जागी बांधतात. मास्टरजींच्या दक्षिणेला, भिंतीला भिंत लागून, मोहनजींचं घर. मोहनजींचा शेव-भुजियाचा कारखाना होता, धंदा जोरात होता, आणि त्यांनी आपल्या वडिलांची छतरी घराच्या गच्चीवरच बांधली होती. गुलाबी दगडाचे आठ खांब, वर घुमट, घुमटावर कळस. आणि घुमटाखाली खुर्ची टाकून, कानाला मफलर गुंडाळून, ते वडील पेपर वाचत बसले होते.

“हे कोण?” मी मास्टरजींना विचारलं.

“बाबूजी. ज्यांची छतरी आहे ते.”

“पण ते तर…”

“अभी हैं,” मास्टरजी म्हणाले. “मोहन म्हणतो, दगड महाग होत चाललाय. आत्ताच करून ठेवली.”

बाबूजींनी पेपर खाली करून मला नमस्कार केला. “देखने आई हो? हवा अच्छी है इसमें.”

आता फिजिक्स. मास्टरजींनी हीटर घेतला जेठात, तेव्हा सूर्य डोक्यावर होता, सावली कुठे पडणारच नव्हती. छतरी झाली दिवाळीत. थंडीत सूर्य दक्षिणेकडून, खालून जातो. मधल्या दुपारी, जेव्हा पाणी खरं तापायचं, नेमकी तेव्हा घुमटाची सावली बरोब्बर नळ्यांवर येऊन बसायची. त्यांच्या बायकोचे, मास्टरनीजींचे, गुडघे थंडीत धरायचे, आणि गरम पाण्यासाठीच हा सगळा खर्च केलेला. मास्टरजी मला म्हणाले, गॅरंटीकार्डावर गरम पाण्याची गॅरंटी आहे, तेव्हा सावली कंपनीने हटवावी. खाली मोहनजी भेटले, ते म्हणाले, ऊन देवाचं आहे, कंपनीचं नाही आणि मास्टरचंही नाही.

मी तात्पुरता उपाय सांगितला. हीटरच्या मागे जिन्याची खोली होती, तिची भिंत कळकट. म्हटलं, तिला पांढरा चुना मारा, थोडा उजेड परत नळ्यांवर येईल. मग रामचरण आला की हीटर हलवू. मास्टरजींनी लक्षपूर्वक ऐकलं. घनश्यामजी सासुरवाडीहून परतल्यावर त्यांना मी वर गेले होते हे सांगितलं. त्यांनी पान्यांची पेटी आपल्या टेबलाखाली ठेवून घेतली.

पुढे काय झालं ते मला नंतर कळलं. मास्टरजींनी विचार केला की पांढरा रंग चांगला असेल तर आरसा त्याहून चांगला. त्यांनी घरातल्या कपाटाच्या दाराचा आरसा काढला, मास्टरनीजींच्या ड्रेसिंग टेबलाचा काढला, शिवाय स्टीलच्या दोन पराती घेतल्या, आणि सगळं गच्चीच्या पूर्वेच्या कठड्याला टेकवून उन्हाचा झोत नळ्यांवर सोडला. पाणी तापलं. मास्टरजींनी शेजारच्या गल्लीत जाऊन सांगितलं की सोलरवाल्या मॅडमनी युक्ती दिली.

पण सूर्य सरकतो, आरसा सरकत नाही. दुपारच्या सुमाराला तो झोत नळ्यांवरून घसरून दक्षिणेला जायचा आणि छतरीत शिरायचा. छतरीत बाबूजी. रोज त्यांच्या डोळ्यांपुढे एकाएकी लखलखीत उजेड यायचा, थोडा वेळ टिकायचा आणि जायचा. बाबूजींनी मुलाला सांगितलं, “मोहन, मुझे प्रकाश दिखने लगा है.”

तुम्हीच विचार करा. वडिलांची छतरी बांधून तयार, वडील त्यात बसलेले आणि वडिलांना प्रकाश दिसायला लागलेला. मोहनजींनी गावाकडे फोन केले. सीकरहून आत्या आली, चुलते आले, सुना-जावई आले. गीतापाठ बसला. रोज दुपार झाली की बाबूजी धुतलेलं धोतर नेसून, टिळा लावून छतरीत बसायचे, तोंडात तुळशीचं पान, भोवती सगळे हात जोडून. प्रकाश यायचा. आत्या डोळे पुसायची. प्रकाश जायचा. बाबूजी म्हणायचे, “आज भी नहीं,” आणि जेवायला उतरायचे. पाहुण्यांसाठी मोठ्या कढईत लाडू वळले जात होते.

ढग आले त्या दिवशी प्रकाश आला नाही. त्यावरून एका जावयाला शंका आली आणि त्याने कठड्यावरून डोकावून पाहिलं.

मोहनजी चौकीत गेले. त्यांची तक्रार अशी की शेजाऱ्याने जाणूनबुजून त्यांच्या वडिलांना रोज मोक्षाच्या दारापर्यंत नेऊन परत आणलं. मास्टरजींनी उलट तक्रार दिली, उन्हाच्या चोरीची. आणि दोघांच्याही कागदात ‘सोलरवाली मैडम’ होती. म्हणून मला आणि घनश्यामजींना बोलावणं आलं.

पोलीस चौकीत मी त्याआधी कधी गेले नव्हते. आमच्याकडे चौकीत जाणं म्हणजे घराण्याचं नाव गेलं. चौकीचे हवालदार, ज्यांना तिथे हेडसाहब म्हणतात, ते शेगडीवर हात शेकत बसले होते. मास्टरजी, मोहनजी, बाबूजी बाकावर. बाबूजींनाही आणलं होतं, कारण गुन्हा त्यांच्या डोळ्यांत झाला होता.

हेडसाहेबांनी दोन्ही बाजू ऐकल्या. मग म्हणाले, “डोळ्यांत मिरची टाकली तर मला कलम माहीत आहे. डोळ्यांत ऊन टाकलं याला काय लावू?”

“मी पाणी तापवत होतो,” मास्टरजी म्हणाले.

“माझ्या बापाच्या तोंडावर?” मोहनजी म्हणाले.

बाबूजी म्हणाले, “मुझे तो अच्छा लगता था. आरसे परत लावायचे असतील तर माझी हरकत नाही.”

“बाबूजी, आप चुप रहो,” मोहनजी म्हणाले.

हेडसाहेबांनी चहा सांगितला. मग माझ्याकडे वळून, अगदी मायेनं म्हणाले, “देखो मैडम, आप पढ़ी-लिखी हैं. आप राजीनामा लिख दो. बात खतम.”

माझ्या पायाखालची फरशी सरकली. भांडण यांचं, छतरी यांची, आरसे यांचे, आणि राजीनामा मी द्यायचा.

“मी का?” मी म्हटलं. “मेरी क्या गलती है?”

“गलती किसी की नहीं,” हेडसाहेब म्हणाले. “चुका मोजत बसलं तर राजीनामा व्हायचाच नाही.”

मी घनश्यामजींकडे पाहिलं. वाटलं, हे तरी काही बोलतील. ते मान डोलावत होते. “लिख दो मैडम. राजीनामे से अच्छा कुछ नहीं.”

“तुम्हालाही असंच वाटतं?”

“मी तर सकाळपासून हेच म्हणतोय. फोन करून सांगितलं ना हेडसाहेबांना, की राजीनाम्याचं बघा.”

म्हणजे ठरवूनच आणलं होतं. पान्यांची पेटी टेबलाखाली गेली तेव्हाच मला कळायला हवं होतं.

“मी पण सही करीन,” मास्टरजी म्हणाले.

“मीही करतो,” मोहनजी म्हणाले. “जे आहे ते सगळ्यांच्या सहीनं होऊ दे.”

आमच्याकडे राजीनामा माणूस एकटा देतो. इथे एका बाईची नोकरी घालवायला शेजारीपाजारी सह्या करतात, हे मला नवीन होतं. बाबूजी तर प्रसन्न दिसत होते. म्हणाले, “हमारे जमाने में राजीनामा होता तो गुड़ बाँटते थे.”

मी कागद मागितला. रडायचं नाही एवढं ठरवलं आणि लिहायला बसले. वर मोठ्या अक्षरात ‘राजीनामा’. खाली माझ्या पाचोऱ्याच्या हिंदीत लिहिलं की मी बी.एस्सी. आहे, फिजिक्स घेऊन. की मला फोनवर बसवून ठेवलं. की ज्या मालकाला फिजिक्स आणि फिनाइल यांतला फरक कळत नाही, त्याच्याकडे काम करण्यात मला रस नाही. की माझे वडील पंक्चर काढतात पण चाक कुठल्या बाजूने झिजलं ते बघून काढतात, आणि मला त्यांनी तसंच वाढवलंय. आणि शेवटी, पेन कागदात रुतेल इतकं दाबून: “मैं छत का काम करूँगी. कोई रोके तब भी करूँगी.”

कागद फिरला. मोहनजींनी चष्मा आणला नव्हता, तशीच सही केली. मास्टरजींनी अक्षराचं कौतुक केलं, एका शब्दातला ऱ्हस्व उकार खोडून दीर्घ केला आणि सही केली. बाबूजींनी अंगठा दिला; लिहिता येत असून दिला, त्यांना त्याची हौस होती. घनश्यामजींनी सही करून मला म्हटलं, “बहुत बढ़िया, मैडम.” हेडसाहेबांनी रजिस्टरात नोंद केली, कागदावर शिक्का मारला. गूळ नव्हता. मोहनजींनी पाहुण्यांचे उरलेले लाडू आणले होते, ते वाटले. एक मलाही दिला. माझ्या नोकरीचा लाडू मी हातात धरून घरी आले.

घरी ह्यांना काही सांगितलं नाही. वडिलांचा फोन आला, तो उचलला नाही. काय सांगणार? की तुमची पोरगी सूर्याचं काम बघत नाही, बघत नव्हतीच, आणि आता फोनही बघत नाही?

सकाळी दुकान उघडायच्या वेळेला घनश्यामजींचा फोन.

“मैडम, आज आल्या नाहीत?”

“काल तुम्हीच सही केलीत ना?”

“कशावर?”

“राजीनाम्यावर.”

“हाँ, राजीनामा तो हो गया. म्हणूनच म्हणतो, आता या.”

“राजीनामा झाल्यावर कशी येऊ?”

“राजीनामा झाल्यावर नाही तर कधी याल? झाला नसता तर चौकीत जावं लागलं असतं.”

असं बराच वेळ चाललं. ह्यांनी डबा भरता भरता ऐकलं आणि फोन माझ्या हातातून घेऊन ठेवला. “काय दिलंस तू चौकीत?”

“राजीनामा.”

ह्यांना मी इतकं हसताना लग्नातही पाहिलं नव्हतं. खुर्चीवर बसून, हातातल्या पोळीसकट हसत होते. “अगं, आमच्याकडे अपघाताच्या क्लेममध्ये रोज राजीनामे येतात. इकडे राजीनामा म्हणजे तडजोड. दोन्ही बाजू राजी, म्हणून राजीनामा. नोकरी सोडतात त्याला इस्तीफा म्हणतात.” मग हसू हळूहळू ओसरलं. “पण तू लिहिलंस काय?”

मी सांगितलं. फिनाइलपाशी आल्यावर ह्यांनी पोळी खाली ठेवली.

आता खरी भीती वाटली. नोकरी गेली नव्हती, पण चौकीच्या दप्तरात शिक्का मारून पडलेल्या त्या कागदावर मी ती सोडली होती, मालकाला फिनाइलवाला म्हटलं होतं, आणि मालकाने खाली सही केली होती. त्याने वाचायच्या आत तो परत आणायचा, एवढंच डोक्यात.

आम्ही चौकीत पोचलो तर घनश्यामजी आधीच हजर. फोन मध्येच तुटल्यावर त्यांना काही कळेना, म्हणून चौकशीला आलेले. हेडसाहेबांनी कागद काढला आणि पहिल्यांदाच वाचला. मोठ्याने. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहिले. पंक्चरचं आलं, फिनाइलचं आलं. घनश्यामजींनी ते दोनदा वाचायला लावलं.

वाचून झाल्यावर हेडसाहेबांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

“हा तर इस्तीफा आहे,” ते म्हणाले. “सावली कुठे आहे यात? आरसा कुठे आहे?”

“चूक झाली, साहेब. परत द्या,” मी म्हटलं. “नवा लिहून देते.”

“परत कसा देऊ? नोंद झाली. दोन्ही पार्ट्यांच्या सह्या आहेत, अंगठा आहे. राजीनामा परत घेतला तर केस पुन्हा उघडते. सीकरची आत्या साक्षीला येईल, मैडम. ती मी एकदा ऐकली आहे.” त्यांनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे काय लिहिलंय? मैं छत का काम करूँगी. कोई रोके तब भी करूँगी.”

“ते मी रागात…”

“रागात असो की प्रेमात. छतावरचं भांडण, छतावरचं काम. तुम्ही लिहून दिलंत की मी करीन. दोन्ही पार्ट्या राजी. मालकाची सही आहे.” त्यांनी घनश्यामजींकडे पाहिलं. “रोकोगे?”

घनश्यामजींचा चेहरा मला अजून आठवतो. रागावायचं की हसायचं हे ठरत नव्हतं. शेवटी म्हणाले, “रोककर क्या करूँगा, साहब. लिखा है, रोके तब भी करेगी.”

“तो हो गया राजीनामा,” हेडसाहेब म्हणाले आणि कागद दप्तरात गेला.

बाहेर आल्यावर घनश्यामजींनी गाडीच्या डिकीतून पान्यांची पेटी काढली आणि माझ्यापुढे धरली. “फिनाइल का मतलब मुझे मालूम है, मैडम,” एवढंच म्हणाले.

मी तडक मुरलीपुऱ्याला गेले. दोन्ही घरांत शांतता होती, कारण कागद कुणीच वाचला नव्हता; मास्टरजींनीही फक्त शुद्धलेखन पाहिलं होतं. मास्टरजी समजत होते, छतरी हटणार असं लिहिलंय. मोहनजी समजत होते, हीटर हटणार असं लिहिलंय. मी दोघांना गच्चीवर बोलावलं आणि सांगितलं: हीटर मोहनजींच्या गच्चीवर, छतरीच्या दक्षिणेला. तिथे सावली कधीच येणार नाही. तिथून पाइप भिंतीवरून मास्टरजींच्या बाथरूममध्ये.

मोहनजी म्हणाले, “बाबूजींच्या छतरीपुढे टाकी? लोक काय म्हणतील?”

“कुठले लोक?” बाबूजी छतरीतून म्हणाले. ते पेपर वाचत होते. “लोक येतात ते मी गेलो का बघायला येतात. गेलो नाही की लाडू खाऊन जातात.” मग मला विचारलं, “बेटी, या मशीनला रोज काही करावं लागतं का?”

“धूळ पुसावी लागते. जयपूरची धूळ नळ्यांवर बसली की पाणी तापत नाही. हलक्या हाताने, ओल्या फडक्याने. घाई केली तर काच फुटते.”

“मी करीन,” बाबूजी म्हणाले. “घाई मला नाही. पहिली बादली माझी, बाकी मास्टरची.”

“बाबूजी, तुम्ही या वयात…” मोहनजी म्हणाले.

“इस उमर में बैठाकर तो तूने देख लिया,” बाबूजी म्हणाले. “अब काम करके देखते हैं.”

 मोहनजी माझ्याकडेही न बघता खाली उतरले आणि थोड्या वेळाने कारखान्यातले दोन गडी वर पाठवून दिले.

हीटर मी बसवला. चौकट सोडवली, नळ्या एकेक काढून रजईत गुंडाळून भिंतीपलीकडे दिल्या, दक्षिण धरली, कोन धरला, पाइपाला ऊब धरणारं वेष्टण घातलं. गार पाणी मोहनजींच्या टाकीचं, गरम पाणी मास्टरजींचं, ऊन कुणाचंच नाही. दुसऱ्या दिवशी बाबूजींनी पहिली बादली घेतली, मग मास्टरनीजींनी नळ सोडला. आम्ही सगळे बाथरूमच्या बाहेर उभे. आतून आवाज आला, “ज्यादा गरम है.” या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही.

बाबूजी पुढे कितीतरी थंड्या त्या नळ्या पुसत होते. प्रकाशाचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही. आम्हीही जयपूर सोडलं नाही. ह्यांची पुढची बदली आली तेव्हा ह्यांनी प्रमोशन नाकारलं. कारण विचारलं की म्हणतात, बायकोवर पोलीस चौकीचं बंधन आहे, शहर सोडता येत नाही.

एकच खंत आहे. त्या कागदाची नक्कल मी घेतली नाही. स्वतःबद्दल इतकं खरं आणि इतकं सलग मी नंतर कधी लिहिलं नाही. एकदा मागायला गेले तर नव्या हेडसाहेबांनी जुनं दप्तर उघडायला नको म्हटलं. त्यांनी विचारलं, मामला काय होता? मी म्हटलं, राजीनामा. म्हणाले, मग राहू द्या, मिटलेलं उकरू नका.

तेव्हा रीतसर पाहिलं तर मी नोकरी सोडलेली बाई आहे. राजीनामा शिक्क्यासह मंजूर आहे, मालकाची सही आहे, दोन साक्षीदार आणि एक अंगठा आहे, आणि तो मागे घेतलेला नाही. कालच जगतपुऱ्यात दोन हीटर बसवून आले. उद्या आमेरला जायचंय.